सिंदेवाहीचे मत : एका मतदारसंघाच्या सरकत्या सीमा



या मालेच्या संयोजकांनी आम्हाला दिलेला विषय सरळ होता. सिंदेवाही ज्या विधानसभा मतदारसंघात येते त्याचा निवडणूक इतिहास सांगा, एवढेच. अशा विषयावर बोलणारा माणूस सहसा एक तक्ता काढतो. साल, विजयी उमेदवार, पक्ष, पराभूत, मताधिक्य. तो तक्ता वाचून दाखवला की श्रोते घरी जातात आणि वक्त्याला शाल-श्रीफळ मिळते. तो तक्ता आज कोणालाही हातातल्या फोनवर मिळतो, म्हणून तो आम्ही वाचून दाखवणार नाही.

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला एक खोड असते. ज्याचा इतिहास सांगायचा ती वस्तू एकच आहे का, असे तो आधी विचारतो. मिलिंद राजाची आणि भिक्खू नागसेनाची गोष्ट आपल्या भागात पुष्कळांना ठाऊक आहे. राजा रथातून आला. नागसेनाने विचारले, महाराज, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणाला. मग तुम्ही आलात तो रथ कुठे आहे? शेवटी राजाला मान्य करावे लागले की या सगळ्या भागांच्या जुळणीला आपण व्यवहारापुरते रथ म्हणतो. मतदारसंघाचे अगदी असेच आहे. गावे जोडली, नाव दिले, क्रमांक दिला, झाला मतदारसंघ. पुढच्या वेळी चाके दुसरी लावली, नाव मात्र तेच ठेवले. मग 'या मतदारसंघाने अमक्या साली अमक्याला निवडून दिले' या वाक्यातला 'हा' कोण?

हा शब्दांचा खेळ वाटेल. तसा तो नाही. पुढच्या काही वर्षांत चाके पुन्हा काढली जाणार आहेत, त्याकडे शेवटी येऊ.

आधी आजची जुळणी बघा. विधानसभा मतदारसंघ क्रमांक ७३, ब्रह्मपुरी. यात सिंदेवाही तालुका, सावली तालुका आणि ब्रह्मपुरी तालुक्याचा ब्रह्मपुरी शहराकडचा भाग. ब्रह्मपुरी तालुक्याचा उरलेला भाग नागभीड आणि चिमूर तालुक्यांबरोबर ७४ क्रमांकाच्या चिमूर मतदारसंघात. म्हणजे ज्या तालुक्याचे नाव मतदारसंघाला दिले तो तालुकाच त्यात पुरता नाही. जिल्हा चंद्रपूर. लोकसभेला मात्र हा भाग गडचिरोली-चिमूरमध्ये जातो, आणि आमगावपासून अहेरीपर्यंत पसरलेल्या सहा विधानसभा क्षेत्रांपैकी एक होतो. विधानसभेची जागा खुली, लोकसभेची अनुसूचित जमातींसाठी राखीव. सिंदेवाहीचा माणूस कलेक्टरकडे जायला चंद्रपूरची गाडी धरतो, आणि त्याच्या खासदाराच्या मतदारसंघाच्या नावात गडचिरोली असते. एका मतदाराच्या अंगावरून अशा किती रेषा जातात, मोजून बघा.

या रेषा पहिल्यांदा कधी आल्या? इंग्रजी अमलात हा सगळा चांदा जिल्हा. वैनगंगेच्या पलीकडे गडचिरोली-अहेरीच्या जमीनदाऱ्या, अलीकडे आपल्याकडे मालगुजारीची गावे. १९३५ च्या कायद्याखाली १९३७ च्या निवडणुका झाल्या तेव्हा पलीकडच्या अहेरीसारख्या जमीनदाऱ्या 'अंशतः वगळलेले क्षेत्र' म्हणून बाजूला काढलेल्या होत्या. कायदे तिथे आपोआप लागू होत नसत. आपली बाजू मात्र सामान्य क्षेत्रात. नदीच्या दोन काठांना राज्यकर्त्यांनी दोन प्रकारचे नागरिक मानले, ते तेव्हापासून. सामान्य क्षेत्रातही मत द्यायला जमीनमहसूल, मालमत्ता किंवा शिक्षण लागे. बांधीत राबणाऱ्या माणसाला मत नव्हते.

मग १९५१ साल आले. मध्य प्रदेश सरकारने मालगुजारी रद्द केली आणि ३१ मार्च १९५१ पासून गावोगावचे मालगुजार मालक राहिले नाहीत. तलाव, जंगल, पडीक जमीन सरकारजमा झाली. आपल्याकडच्या 'मामा' तलावांचे नाव तिथून आले : माजी मालगुजारी. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत. आणि पहिली सार्वत्रिक निवडणूक कधी? १९५१ चा हिवाळा ते १९५२ चा फेब्रुवारी. म्हणजे मालगुजाराची मालकी गेल्याला वर्ष पुरे होण्याच्या आत त्याच्या कुळाच्या हातात कागदाची चिठ्ठी आली. या दोन घटना आपण इतिहासात वेगवेगळ्या प्रकरणांत वाचतो. त्या एकाच माणसाच्या आयुष्यात एकाच वर्षात घडल्या. तो माणूस मत द्यायला गेला तेव्हा मालगुजार कोपऱ्यात उभा असेल का, असला तर याने मान खाली घातली असेल का, याची नोंद निकालाच्या तक्त्यात होत नाही.

मतदानाची पद्धतही आजच्यासारखी नव्हती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह. शिक्का मारायचा नाही, चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची. देशभरात जवळपास २८ लाख बायांची नावे पहिल्या यादीतून गळली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई असे सांगितले होते.

या भागाची आणखी एक गंमत. दहा वर्षांत इथला मतदार जागचा हलला नाही, पण त्याने तीन राज्यांसाठी मत दिले. १९५२ मध्ये मध्य प्रदेशसाठी, राजधानी नागपूर. १९५७ मध्ये द्वैभाषिक मुंबईसाठी. १९६२ मध्ये महाराष्ट्रासाठी. नागपूर राजधानी होती तेव्हा सिंदेवाहीच्या माणसाला छोट्या रेल्वेने नागभीडमार्गे सरकारच्या दारात जाता येई. मुंबई झाल्यावर सरकार लांब गेले. विदर्भवाद्यांचा राग भावनेचा होता असे म्हणतात, पण त्यात अंतराचाही भाग मोठा होता.

१९६२ वर थोडे थांबू. या सगळ्या इतिहासातले ते आम्हाला सर्वांत बोलके वर्ष वाटते.

त्या वर्षी सावली मतदारसंघातून मारोतराव कन्नमवार विधानसभेवर गेले. मूल तालुक्यातल्या मारोड्याचा, १९०० साली जन्मलेला, बेलदार समाजातला हा माणूस. घरची गरिबी, शिक्षण बेताचे, एके काळी वर्तमानपत्रे विकलेली. जुन्या मध्य प्रदेशात ते आरोग्यमंत्री होते. चीनचे आक्रमण झाले, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि २० नोव्हेंबर १९६२ रोजी कन्नमवार महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. वर्षभराने, २४ नोव्हेंबर १९६३ रोजी, पदावर असतानाच ते वारले. मुंबईला विक्रोळीत कन्नमवार नगर आहे. तिथे राहणाऱ्या किती जणांना सावली ठाऊक आहे, कोण जाणे.

आता त्याच १९६२ मध्ये त्याच चांदा जिल्ह्याने लोकसभेवर कोणाला पाठवले? लाल श्यामशाह यांना. पानाबरसच्या जमीनदार घराण्यातले आदिवासी नेते, अपक्ष. ती निवडणूक विधानसभेबरोबरच झाली. महाराष्ट्रात काँग्रेसने विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या होत्या. शेजारच्या नागपुरातून विदर्भवादी बापूजी अणे अपक्ष निवडून आले होते. म्हणजे मुंबईच्या सभागृहात सावलीने काँग्रेसचा भावी मुख्यमंत्री दिला, आणि दिल्लीला जिल्ह्याने काँग्रेसचा उमेदवार पाडून अपक्ष पाठवला.

लाल श्यामशाहांनी १९६४ मध्ये खासदारकीचा राजीनामा दिला. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना आदिवासींच्या जंगलपट्ट्यात वसवण्याला त्यांचा विरोध होता. खासदारकी सोडणारा माणूस आपल्या राजकारणात विरळाच, म्हणून त्यांची आठवण ठेवायला हवी. मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चामोर्शी-मुलचेरा भागात त्या निर्वासितांची जी गावे वसली त्यांतली माणसे आज तिसऱ्या पिढीत याच मातीत धान पिकवतात. त्यांच्याविरुद्ध कोणी राजीनामा दिला होता, हे त्यांनी कसे वाचायचे? एकाचा न्याय दुसऱ्याला उंबरठ्यावर अडवणारा ठरतो, असे इतिहासात पुष्कळदा होते. त्या रिकाम्या जागेच्या पोटनिवडणुकीत गोपिकाबाई कन्नमवार, म्हणजे ताई कन्नमवार, काँग्रेसतर्फे निवडून आल्या. पुन्हा १९६७ मध्ये चांद्याने अपक्षच निवडला, के. एम. कौशिक.

१९७६ मध्ये सीमा नव्याने आखल्या गेल्या आणि १९७८ ते २००४ पर्यंतच्या सात विधानसभा निवडणुका त्याच सीमांवर झाल्या. बत्तीस वर्षे. याला कारण बेचाळीसावी घटनादुरुस्ती. लोकसंख्या आवरणाऱ्या राज्यांच्या जागा कमी होऊ नयेत म्हणून जागांची संख्या गोठवली गेली. या काळातले निकाल भराभर सांगतो. १९७८ मध्ये काँग्रेस फुटली तेव्हा विदर्भाने इंदिरा गांधींच्या बाजूला कौल दिला. त्यांच्या पक्षाला राज्यात ६२ जागा मिळाल्या त्यांतल्या बहुतेक विदर्भातल्या. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. नव्वदच्या दशकात सावलीतून भारतीय जनता पक्षाच्या शोभाताई फडणवीस निवडून येत राहिल्या आणि १९९५ च्या युती सरकारात मंत्री झाल्या. ब्रह्मपुरीत २००४ मध्ये त्याच पक्षाचे अतुल देशकर आले.

त्यातला एक निकाल मात्र घाईत ओलांडता येत नाही. १९९८ मध्ये चिमूर लोकसभा मतदारसंघातून रिपब्लिकन पक्षाचे जोगेंद्र कवाडे निवडून आले. त्या वर्षी महाराष्ट्रातून रिपब्लिकन पक्षाचे चार खासदार गेले, अकोला, अमरावती, मुंबई आणि चिमूर इथून, आणि चारही जागा खुल्या होत्या. काँग्रेसची साथ होती हे खरे. पण १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली त्या भूमीत, राखीव नसलेल्या जागेवर आंबेडकरी उमेदवाराला कुणबी, तेली, माळी, ढिवर, गोंड अशा सगळ्यांनी मते दिल्याशिवाय तो निवडून येत नाही. एक वर्षाने पुन्हा निवडणूक झाली आणि ती जागा गेली. अकरा वर्षांनी तो मतदारसंघच त्या रूपात उरला नाही.

तो का उरला नाही, हे नीट समजून घेऊ. इथे आपला रथ मोडून पुन्हा जोडला गेला.

२००२ च्या कायद्याने न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखाली परिसीमन आयोग आला. काम काय? २००१ च्या जनगणनेवर सीमा पुन्हा आखायच्या. महाराष्ट्राची लोकसंख्या ९ कोटी ६८ लाखांच्या वर, विधानसभेच्या जागा २८८. भागाकार केला की एका जागेला सुमारे ३ लाख ३६ हजार माणसे. जिथे माणसे वाढली, म्हणजे मुंबई-ठाणे-पुणे, तिथे जागा वाढल्या. विदर्भाच्या ६६ च्या ६२ झाल्या. राखीव जागांचेही तसेच. अनुसूचित जातींच्या १८ च्या २९ झाल्या, जमातींच्या २२ च्या २५. जमातींच्या जागा कुठे द्यायच्या? जिथे त्यांचे प्रमाण सर्वांत जास्त तिथे. जातींच्या जागा मात्र राज्यभर विखरून, शक्यतो प्रमाण बरे असेल तिथे. यावर वाद घालता येतो, पण नियम निदान स्पष्ट आहे.

आपल्या भागात काय झाले? सावली हे नाव विधानसभेच्या यादीतून गेले. राज्याला मुख्यमंत्री दिलेला मतदारसंघ, आणि त्याचे नावही उरले नाही. मूलकडचा भाग बल्लारपूर नावाच्या नव्या मतदारसंघात गेला. सावली तालुका सिंदेवाहीसह ब्रह्मपुरीला जोडला. चंद्रपूरची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव झाली, म्हणून सुधीर मुनगंटीवार तिथून बल्लारपूरला गेले. चिमूर लोकसभा मोडून गडचिरोली-चिमूर झाली आणि जमातींसाठी राखीव झाली. आणि हे सगळे एकदा राजपत्रात आले की त्याला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येत नाही. कलेक्टरने तुमच्या घरापुढचा रस्ता हलवला तर तुम्ही कोर्टात जाऊ शकता. आयोगाने तुमचा आमदार हलवला तर जाऊ शकत नाही. याला कारण आहे, नाहीतर एकही निवडणूक वेळेवर होणार नाही. पण म्हणूनच जे बोलायचे ते आधी बोलावे लागते.

आता नव्या सीमांवरच्या चार निवडणुका. इथे १९६२ ची आठवण ठेवा.

२००९ च्या उन्हाळ्यात गडचिरोली-चिमूर लोकसभेत काँग्रेसचे मारोतराव कोवासे निवडून आले. पाच महिन्यांनी ब्रह्मपुरी विधानसभेत भाजपचे अतुल देशकर. २०१४ मध्ये उलटे. लोकसभेत भाजपचे अशोक नेते दोन लाखांहून अधिक मतांनी जिंकले, मोदींची लाट होती, आणि ऑक्टोबरात ब्रह्मपुरीने काँग्रेसचे विजय वडेट्टीवार दिले, देशकरांना १३ हजार ६१० मतांनी हरवून. २०१९ मध्ये नेते पुन्हा खासदार, आणि ब्रह्मपुरीत वडेट्टीवार शिवसेनेच्या संदीप गड्डमवारांपेक्षा साडेअठरा हजारांनी पुढे. लागोपाठ तीन वेळा लोकसभेला एक पक्ष, विधानसभेला दुसरा. २०२४ मध्ये साखळी तुटली. काँग्रेसचे डॉ. नामदेव किरसान १ लाख ४१ हजारांवर मताधिक्याने खासदार झाले आणि नोव्हेंबरात राज्यभर काँग्रेसची वाताहत होत असताना वडेट्टीवार सुमारे १४ हजारांनी टिकले. शेजारच्या चिमूरमध्ये त्याच दिवशी भाजपचे बंटी भांगडिया आले.

तुमच्यातला कोणी लगेच म्हणेल, लोकसभेचा निकाल सहा क्षेत्रांची बेरीज असतो, त्यावरून एका क्षेत्राचे मन कसे ओळखणार? बरोबर आहे. तर्काच्या दृष्टीने ओळखता येत नाही. समूहाला लागू असलेले त्याच्या भागाला लागू असतेच असे नाही, हे आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत असू. पण २०१४ मध्ये दोन लाखांची लाट सहा क्षेत्रांतून गेली आणि पाच महिन्यांत त्यातल्या एका क्षेत्राने बसलेला भाजप आमदार पाडला, एवढे तरी हाताशी उरते. त्या वर्षी युत्या आणि आघाड्या तुटल्या होत्या, चौरंगी लढती होत्या, हेही त्यात धरा.

आमचे मत असे, की इथला मतदार दोन मते दोन वेगळ्या कामांसाठी देतो. खासदाराच्या मतात देश, पंतप्रधान, संविधान, आरक्षण असे मोठे शब्द असतात. आमदाराच्या मतात धानाचा बोनस असतो. तो हेक्टरी किती, दोन हेक्टरांपर्यंत का, नोंदणीची मुदत वाढली का, यावर चौकातल्या चहाच्या टपरीवर जेवढी चर्चा होते तेवढी परराष्ट्र धोरणावर होत नाही, आणि होऊही नये. २०२३ च्या खरिपासाठी हेक्टरी २० हजार रुपये जाहीर झाले ते नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात. आमदाराच्या मतात गोसेखुर्दचा कालवाही असतो. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींनी भूमिपूजन केले तेव्हा खर्चाचा अंदाज ३७२ कोटी होता. तो १८ हजार कोटींच्या पुढे गेला. उजवा कालवा जवळजवळ १०० किलोमीटर चालत सावली तालुक्यातल्या आसोलामेंढा तलावाला मिळतो. त्या पाण्यावर किती आमदारांनी किती निवडणुका काढल्या, मोजायला कालव्याचे किलोमीटर पुरणार नाहीत.

आणि बघा, विधानसभेचे मतदान चारही वेळा ऑक्टोबर-नोव्हेंबरात आले. हलके धान कापणीला, जड धान लोंबीवर. दिवाळी झाली की झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम. मंडईत नाटकाच्या फलकावर नायक-नायिकेच्या वर उद्घाटकाचे नाव असते, आणि उद्घाटक कोण असतो ते आपल्याला ठाऊक आहे. प्रचाराची अशी सोय महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचित मिळेल. रात्री दहाला उद्घाटन, भाषण आटोपशीर, कारण पब्लिक नाटकाला आलेले असते. आमदाराने थोडक्यात बोलावे यासाठी याहून चांगला उपाय आम्हाला सुचत नाही.

उमेदवारही सीमा ओलांडतात. वडेट्टीवार २००४ मध्ये चिमूरमधून शिवसेनेचे आमदार होते. काँग्रेसमध्ये गेल्यावर २००६ ची पोटनिवडणूक आणि २००९ ची निवडणूक त्यांनी चिमूरमधूनच जिंकली, आणि मग ते ब्रह्मपुरीत आले. पक्ष बदलला, मतदारसंघ बदलला, माणूस निवडून येत राहिला. दोनदा विरोधी पक्षनेते, मधल्या काळात मंत्री आणि चंद्रपूरचे पालकमंत्री. त्या मंत्रिपदाच्या काळात, मे २०२१ मध्ये, चंद्रपूर जिल्ह्याची दारूबंदी उठली. ती बंदी १ एप्रिल २०१५ पासून लागू झाली होती. तिच्यामागे बायांच्या चळवळीची अनेक वर्षे होती, डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर चालत गेलेला मोर्चा होता. त्या चळवळीच्या नेत्या पारोमिता गोस्वामी २०१९ मध्ये आम आदमी पक्षातर्फे ब्रह्मपुरीतून उभ्या राहिल्या आणि विजयाच्या जवळपासही गेल्या नाहीत. हजारो बायांना रस्त्यावर आणणाऱ्या नेत्याला मतपेटीत का मिळत नाही? बायांना दारू बंद हवी नव्हती असे नाही. मोर्चात बाई एका प्रश्नासाठी जाते, मतदान करताना दहा प्रश्न तिच्या डोक्यात असतात, आणि त्यातला एक असतो : हा माणूस निवडून येणार का? हरणाऱ्याला मत म्हणजे वाया गेलेले मत, हा हिशेब गरिबाला परवडत नाही. आम्हाला हे दुःखाचे वाटते, पण त्या बाईला आम्ही दोष देणार नाही.

या दोन मतांच्या वाटणीत एक प्रश्न मात्र मधल्या मध्ये पडतो. वाघाचा. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यातल्या मेंढामालच्या तीन बाया तेंदूपाने तोडायला गेल्या आणि वाघाच्या हल्ल्यात मेल्या. एका दिवशी तीन. तेंदूचा हंगाम म्हणजे घरात रोख पैसा येण्याचे मोजके दिवस, त्यामुळे जंगलात जाऊ नका हे सांगणे सोपे आहे. वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा कायदा केंद्राचा. वाघ पकडायचा की मारायचा, ही परवानगी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाची. मार्गदर्शक सूचना दिल्लीच्या व्याघ्र प्राधिकरणाच्या. सिंदेवाहीचे वनपरिक्षेत्र ब्रह्मपुरी वनविभागात, सावलीचे चंद्रपूर वनविभागात. वाघाला यातली एकही रेषा दिसत नाही. आमदार म्हणतो कायदा केंद्राचा, खासदार म्हणतो वनखाते राज्याचे, आणि दोघांचेही शब्द खरे असतात. सभेत नुकसानभरपाईची रक्कम वाढवल्याचे सांगितले जाते. मेलेल्या माणसाचा भाव वाढवणे यापलीकडे या प्रश्नावर निवडणूक लढली गेलेली आम्ही पाहिली नाही.

आता पुढचे. जागांची संख्या गोठवण्याची मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत आहे. त्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ जाहीर झाली आहे. तिचे आकडे आले की परिसीमन. २०२३ ची एकशेसहावी घटनादुरुस्ती, म्हणजे लोकसभेत आणि विधानसभेत महिलांना एक तृतीयांश जागा, तीही त्या परिसीमनाला जोडलेली आहे. म्हणजे ब्रह्मपुरी राहील का, सावली परत येईल का, जागा महिलांसाठी राखीव होईल का, लोकसभेला आपण गडचिरोलीबरोबर राहू की चंद्रपूरला जाऊ, हे सगळे एका कागदावर येणार आहे. शहरे पुन्हा वाढली आहेत, जंगल वाढत नाही, निदान माणसांच्या संख्येत तर नाहीच. मतदारसंघ आणखी लांब-रुंद होण्याची भीती खरी आहे. आज गडचिरोली-चिमूरच्या खासदाराने सहाही क्षेत्रांत वर्षातून एकदा जायचे ठरवले तरी त्याची दमछाक होते.

मागच्या वेळी आयोगाबरोबर प्रत्येक राज्यातून पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य होते. त्यांना म्हणणे मांडता येत होते, मत नव्हते. मसुदा राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत छापला गेला, हरकती मागवल्या, जाहीर सुनावण्या झाल्या. हरकती कोणी नोंदवल्या? बहुतेक पक्षांनी आणि इच्छुकांनी. ज्याला उभे राहायचे आहे तो नकाशा बघतो, ज्याला मत द्यायचे आहे तो बघत नाही. खरे तर हरकतीत लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. आसोलामेंढ्याच्या पाण्याखालची गावे एका आमदाराकडे असावीत का? एका वनपरिक्षेत्राच्या कडेची गावे दोन मतदारसंघांत का पडावीत? तालुका फोडू नये हा नियम पाळायचा, तर ब्रह्मपुरी तालुका का फोडला?

तो फुटला तो महसूल मंडळाच्या रेषेवर. परिसीमनात तालुक्याखालची मोजणी मुख्यतः मंडळाने होते. तेव्हा आपले गाव कोणत्या महसूल मंडळात आहे, कोणत्या साझ्यात आहे, शेजारची मंडळे कोणती, हे आधी तलाठी कार्यालयात जाऊन विचारून ठेवा. हरकतीच्या अर्जात तेच लिहावे लागते. मसुदा आल्यावर मुदत थोड्याच दिवसांची असते, आणि ते दिवस धानाच्या कापणीत आले तर कोणालाच वेळ नसेल.

आता प्रश्न घेऊ. माईक मागच्या रांगेकडे द्या.